बदलीचा हुकूम : ‘बनगरवाडी’ आणि गावाच्या भवितव्याची कल्पना

१

मराठी ग्रामीण कादंबरीच्या समीक्षेने गावाच्या भूतकाळाविषयी जेवढे लिहिले आहे, त्याच्या तुलनेत गावाच्या भविष्यकाळाविषयी फारच थोडे लिहिले आहे. गावगाडा विस्कटला, नाती सुटली, यंत्र आले, निवडणुकांनी माणसे दुभंगली, अशी विधाने या समीक्षेत इतक्या वेळा आली आहेत की ऱ्हास हीच ग्रामीण कादंबरीची अंगभूत दिशा आहे, असा समज दृढ झालेला दिसतो. उदाहरणांची वाण नाही. ‘धग’मधील (१९६०) कौतिक आयुष्यभर झुंजते आणि हरते, ‘टारफुला’त (१९६४) पाटलाच्या मृत्यूने सत्तेचा खांब कोसळतो आणि गाव सैरभैर होते, ‘पाचोळा’त (१९७१) एका शिंप्याचे घर बघता बघता उद्ध्वस्त होते. या कादंबऱ्या एका ओळीत मांडल्या की निष्कर्ष आपोआप हाती येतो. मात्र तो हाती येण्याच्या सहजतेमुळेच एक प्रश्न विचारायचा राहून गेला आहे. कादंबरीचा शेवट दुःखद असणे आणि तिच्यातील गावाला भवितव्य नसणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

हा प्रश्न ज्या कादंबरीच्या संदर्भात सर्वांत तीव्रतेने उपस्थित होतो ती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ होय. ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ही त्याच वर्षाची आहे, आणि हा योगायोग केवळ सनावळीचा मानून सोडून देण्यासारखा नाही. ‘ग्रामगीता’ ओवीबद्ध आहे, प्रबोधनपर आहे. स्वच्छता, शिक्षण, सामुदायिक प्रार्थना, स्त्रियांची उन्नती, श्रमाची प्रतिष्ठा अशा विषयांतून ती उद्याच्या गावाचा आराखडा उभा करते. तिचे क्रियापद स्वाभाविकपणेच विध्यर्थी आहे : गावाने असे करावे, असे असावे. ‘बनगरवाडी’चे क्रियापद भूतकाळी आहे : असे झाले. या व्याकरणभेदावरून पहिल्या ग्रंथात आशा आहे आणि दुसऱ्यात विषण्णता, अशी वाटणी सहज होऊन जाते. ही वाटणी तपासून पाहण्यासारखी आहे. कारण विध्यर्थात बोलणारा ग्रंथ गावाकडून अपेक्षा करीत असतो, तर भूतकाळात बोलणारी कादंबरी गावाने एकदा काय करून दाखविले ते नोंदवून ठेवू शकते. आशेचा आधार यांपैकी कोणत्या गोष्टीत अधिक आहे, हे आधीच ठरवून टाकण्याचे कारण नाही.

२

‘बनगरवाडी’चे कथानक सर्वपरिचित आहे. संस्थानी अमलातल्या माणदेशात, धनगरांच्या एका लहानशा वाडीवर, बंद पडल्यासारखी झालेली शाळा पुन्हा सुरू करण्यासाठी एक तरुण मास्तर येतो. निवेदक तोच आहे. मुले मेंढरांमागे गेलेली, शाळा ही वाडीच्या दृष्टीने अनावश्यक गोष्ट. हळूहळू मास्तर वाडीचा होतो. मात्र तो जेवढा शिक्षक म्हणून होतो त्याहून अधिक लेखनिक, मध्यस्थ आणि सल्लागार म्हणून होतो. पत्र लिहिणे, तंटा मिटविणे, सरकारदरबारचे काम करून आणणे यांसाठी त्याची गरज भासू लागते. वाडीचा वृद्ध कारभारी त्याला जवळ करतो. पुढे मास्तरांच्या पुढाकाराने वाडी एक तालीम बांधते, राजेसाहेब येऊन जातात, आणि त्यानंतर दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात, शाळेत मुले उरत नाहीत आणि मास्तरांची बदली होते.

या कथानकातील तालमीकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. तिचा उल्लेख बहुधा मास्तरांच्या ध्येयवादाचे प्रतीक म्हणून होतो व तेवढ्यावर विषय संपतो. वस्तुतः तालीम ही विलक्षण गोष्ट आहे. ज्या माणसांचे पाय दिवसभर मेंढरांमागे रान तुडवितात, ज्यांची अंगे उन्हातान्हात आपोआप कसली गेली आहेत, त्यांना व्यायामशाळेची कोणती गरज असणार? वाडीला विहीर हवी असेल, धान्य हवे असेल, चारा हवा असेल. तालमीने यांतले काहीही मिळत नाही. विकासाच्या कोणत्याही हिशेबात ती बसत नाही. पुढच्या काळातल्या सामूहिक विकास योजनेच्या कोणत्याही तक्त्यात तिच्यासाठी रकाना सापडला नसता. तरीही वाडी ती बांधते. दगड, माती, लाकूड आणि अंगमेहनत लागते; विरोध करणारे विरोध करतात; काम रखडते आणि पुन्हा सुरू होते.

या निरुपयोगीपणातच तालमीचे महत्त्व आहे. विहीर खणली जाते ती पाण्यासाठी, आणि पाणी ज्याच्या शेताजवळ लागेल त्याचे होते. तालीम कोणाच्याही शेताजवळ नाही. तिच्यातून व्यक्तिशः कोणाला काहीच मिळणार नसल्यामुळे ती केवळ वाडीची होऊ शकते. तोपर्यंत कादंबरीत झोपड्या आहेत, माणसे आहेत, भांडणे आहेत, कारभाऱ्याचा शब्द आहे. पण वाडी नावाचा कर्ता नाही. ‘वाडीने केले’ असे वाक्य प्रथम शक्य होते ते तालमीच्या संदर्भात. समष्टी ही आधी असते आणि मग ती काहीतरी करते, हा समज येथे उलटा होतो : करण्यातून ती अस्तित्वात येते. समूहाने एकदा स्वतःला कर्ता म्हणून अनुभवलेले असणे ही गावाच्या भवितव्यासाठी आवश्यक अशी पूर्वअट आहे, आणि कादंबरी ती पुरी झाल्याचे दाखविते. ‘ग्रामगीते’तील विध्यर्थाला जे घडावेसे वाटते, ते येथे एका लहान, काहीशा हास्यास्पद वाटणाऱ्या बांधकामात घडून गेलेले आहे.

मग दुष्काळाचे काय? प्रचलित वाचन असे सांगते की निसर्गापुढे माणसाचा सारा प्रयत्न व्यर्थ ठरतो आणि ओस पडलेली वाडी हे त्या व्यर्थतेचे चित्र आहे. या वाचनात दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात. पहिली अशी की वाडी सोडणे म्हणजे वाडी संपणे. नांगरधारी शेतकऱ्याच्या बाबतीत हे कदाचित खरे मानता येईल. परंतु ही माणसे मेंढपाळ आहेत. चाऱ्यासाठी मुलूख सोडणे आणि पावसाबरोबर परतणे ही त्यांच्या जगण्याची जुनी रीत आहे. दुष्काळातले निघून जाणे त्या रीतीपेक्षा निराळे, अधिक हताश आहे, हे खरेच; तरी ज्यांच्या आयुष्याची लयच येण्याजाण्याची आहे, त्यांचे जाणे एका नोकरदार तरुणाला जेवढे अंतिम वाटेल तेवढे ते त्यांना स्वतःला वाटत असेल, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरे गृहीत अधिक महत्त्वाचे आहे. ओस वाडी हे कादंबरीचे अंतिम दृश्य आहे, कारण निवेदकाला त्यापुढे पाहता येत नाही. त्याची बदली झालेली आहे. पाऊस पडला का, कोण परतले, तालमीत पुन्हा कोणी उतरले का, हे त्याला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे कादंबरी जेथे थांबते ती जागा दुष्काळाने ठरविलेली नाही, ती शिक्षण खात्याच्या कागदाने ठरविली आहे. गावाची गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाच्या नेमणुकीबरोबर सुरू होते आणि त्याच्या बदलीच्या हुकुमाबरोबर संपते. ‘बनगरवाडी’तील विषण्णता ही निवेदकाच्या निघून जाण्याची विषण्णता आहे, तिला गावाचा अंत मानणे म्हणजे निवेदकाच्या दृष्टीची मर्यादा ही गावाची मर्यादा मानणे होय. माडगूळकरांचे निवेदन याविषयी विलक्षण संयमी आहे. वाडीच्या पुढल्या काळाविषयी ते काहीच म्हणत नाही, हळहळतही नाही. हळहळ समीक्षेने घातली आहे.

३

माडगूळकर ज्या माडगुळ्याचे, ते गाव आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. त्या काळी हा सारा भाग औंध संस्थानात होता. या संस्थानाचा इतिहास गावाच्या भवितव्याच्या चर्चेत अपवादात्मक महत्त्वाचा आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्यामागे अप्पासाहेब पंत, मॉरिस फ्रिडमन हे पोलिश अभियंते आणि प्रत्यक्ष गांधीजी यांचा विचार होता. गावोगावी निवडलेल्या पंचायती, त्यांतून तालुक्याचे मंडळ आणि त्यांतून संस्थानचे विधिमंडळ, अशी ती खालून वर जाणारी रचना होती. बहात्तर गावांच्या एका विखुरलेल्या संस्थानात ग्रामस्वराज्याचा प्रयोग कागदावरून प्रत्यक्षात आणण्याचा हा प्रयत्न १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत चालला. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही खुल्या तुरुंगाची वसाहत त्याच प्रयोगशील वातावरणातून उभी राहिली आणि तिच्यावरूनच पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट आला. त्याची कथा-पटकथा व्यंकटेशांचे बंधू ग. दि. माडगूळकर यांची.

‘बनगरवाडी’तील संस्थानाच्या चित्रणात औंधच्या खुणा उघड आहेत. व्यायामाचा पुरस्कार करणारा, सूर्यनमस्कारांवर ग्रंथ लिहिणारा राजा ज्या मुलखावर राज्य करीत होता, तेथे एका मास्तराने तालीम बांधायला काढावी यात नवल नाही. मात्र पंचायत, निवडणूक, घटना यांना या कादंबरीत स्थान नाही. वाडीचा कारभार कारभाऱ्याच्या शब्दावर चालतो. राजा येतो तो दर्शन देण्यासाठी. घटनाकारांनी ज्या संस्थेत गावाची आशा ठेवली होती ती संस्था कादंबरीच्या अवकाशात उगवतच नाही.

याचा अर्थ लेखकाने इतिहासाकडे पाठ फिरविली असा लावणे उथळपणाचे ठरेल. कादंबरीकाराला संस्थानचा राजपत्रित वृत्तांत द्यायचा नव्हता. लक्षात घ्यायचे ते या अनुपस्थितीचे रूप. वाडी राजाकडे काही मागत नाही, त्याला काही दाखविते. तालीम पाहायला राजा येतो, तेव्हा काही क्षण देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते : वाडीने केले आहे आणि सत्ता ते बघायला आली आहे. घटनेने गावाला जे अधिकार म्हणून बहाल केले, ते वाडी येथे कर्तृत्व म्हणून आधीच मिळविते. बहाल केलेल्या स्वराज्याचे भवितव्य बहाल करणाऱ्याच्या आयुष्याइतके असते, हे औंधने दाखविले. विलीनीकरणानंतर त्या पंचायती नव्या मुंबई प्रांताच्या सर्वसाधारण कायद्यात विरून गेल्या. अर्थात वाडीचे कर्तृत्व तरी कोणाच्या चालनेने उभे राहिले? मास्तर नसता तर तालीम नव्हती. येथे कादंबरीची आशा एका कठीण जागी येऊन थांबते. कर्ता होण्यासाठी वाडीला बाहेरचा माणूस लागला आणि तो माणूस बदलीस पात्र आहे.

४

आणखी एक अडचण आहे आणि ती अधिक मूलगामी आहे. बनगरवाडी हे गाव नाही; ती वाडी आहे. ‘मराठी ग्रामजीवनाचे प्रातिनिधिक चित्र’ असा तिचा गौरव करताना हा फरक सर्रास पुसला गेला आहे. त्रिं. ना. आत्र्यांच्या ‘गांवगाड्या’त (१९१५) जे गाव वर्णिले आहे ते कुणबी, बलुतेदार, अलुतेदार यांच्या परस्परबद्ध आणि विषम व्यवस्थेचे नाव आहे. त्याला वेस आहे. वेशीच्या आतले आणि बाहेरचे आहेत. बनगरवाडीत धनगरांची तीसचाळीस बिऱ्हाडे, कडेला रामोशी, एखाददुसरा अन्य जातीचा माणूस. जवळजवळ एकजिनसी असलेल्या या वस्तीत ‘सर्वांनी मिळून’ हे शब्द उच्चारता येतात, कारण ‘सर्व’ कोण हा प्रश्न फारसा उपस्थित होत नाही. चोरी करणारा आनंदा रामोशी निवेदकाच्या जिव्हाळ्याचा विषय होतो, पण तो वाडीच्या कडेचाच राहतो.

एकजिनसीपणाच्या आतही ‘सर्व’ पुरते सर्व नाहीत. जोडीचा दुसरा बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतःच्या खांद्यावर जू घेते, हे या कादंबरीतील सर्वांत विसरता न येणारे दृश्य होय. माडगूळकर ते शांतपणे सांगतात. अंगाच्या सामर्थ्याचे गौरवस्थान म्हणून वाडी जी तालीम उभारते तिच्यात या स्त्रीला प्रवेश नाही. तिचा व्यायाम शेतात होऊन गेला आहे. ही विसंगती लेखकाने मुद्दाम योजिली आहे असे म्हणण्यास संहितेत आधार नाही. परंतु दोन्ही गोष्टी एकाच कादंबरीत असल्यामुळे वाचकाला ती टाळता येत नाही. सामूहिक श्रमाच्या ज्या आनंदावर आशा उभी आहे, त्या श्रमाच्या मोजणीत कोण धरले गेले आणि कोण नाही, हे या दृश्यापासून विचारता येऊ लागते.

वाडीकडून गावाकडे गेले की हाच प्रश्न उग्र होतो, आणि त्यासाठी दूर जावे लागत नाही. त्याच औंध संस्थानातील आटपाडी हे शंकरराव खरातांचे गाव. ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनात तेथील वतनदार महाराच्या घरातले बालपण आले आहे. वडिलांच्या तराळकीचे जे प्रसंग त्यात आहेत, त्यांतला विहिरीतील प्रेताचा प्रसंग येथे आठवावा लागतो. विहिरीत प्रेत तरंगते आहे. राखण करण्याची जबाबदारी गावकामगार महाराची. आणि शेवटी पोलिसी हुकुमाखाली, आत साप असल्याचे दिसत असताना, प्रेत वर काढण्यासाठी उतरावे लागते तेही त्यालाच. काठावर मुलगा उभा आहे.

‘बनगरवाडी’च्या शेजारी हा प्रसंग ठेवला म्हणजे ‘गावाचे काम’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ समोर येतात. तालीम हे वाडीने केलेले काम आहे. प्रेत काढणे हेही गावाचेच काम आहे. मात्र गाव ते करीत नाही, करवून घेते. या दुसऱ्या कामाला मोबदला ठरलेला नाही, नकार नाही आणि त्यातून करणाऱ्याला गावाचा घटक म्हणून काही मिळतही नाही. ज्याच्या श्रमावर गावाचे गावपण तोलले जाते तो गावाच्या व्याख्येबाहेर आहे. मास्तराला बदली आहे. तराळाला ती नाही. वतन हा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा, कधीच न बदलणारा नेमणुकीचा हुकूम आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द होईपर्यंत तो कायम राहिला. त्यामुळे खरातांच्या लेखनात शाळेला जे स्थान आहे ते ‘बनगरवाडी’त असूच शकत नव्हते. धनगराच्या मुलाला शाळा मेंढरांपासून तोडते. महाराच्या मुलाला ती विहिरीच्या काठावरून दूर नेते. त्या मुलाने पुण्यात वकिलीपर्यंत शिकावे आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवावे, ही गोष्ट आटपाडीच्या भवितव्याचा भाग आहे की आटपाडीपासून सुटकेचा, हे एका शब्दात सांगणे अशक्य आहे.

गाव सोडणे ही आशा असू शकते, हे ग्रामीण साहित्याच्या चर्चेने फार उशिरा आणि नाइलाजाने मान्य केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाविषयी काढलेले कठोर उद्गार नेहमी उद्धृत होतात. गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल त्यांनी तेथे समाधान व्यक्त केले होते. परंतु त्यावरून त्यांना ग्रामजीवनाचे विरोधक ठरवून मोकळे होताना १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत झालेला ठराव विसरला जातो. अस्पृश्यांसाठी सवर्ण गावांपासून स्वतंत्र अशा नव्या वसाहती उभाराव्यात, अशी ती मागणी होती. ही मागणी शहरात जाण्याची नाही. ती दुसऱ्या गावाची आहे : जमीन असलेल्या, वेस नसलेल्या, जेथे कामाचे ‘करणे’ आणि ‘करवून घेणे’ असे दोन भाग पडत नाहीत अशा गावाची. गावाविषयीची इतकी ठाम आशा त्या काळातल्या किती गांधीवादी कादंबऱ्यांत सापडेल, हा प्रश्नच आहे. प्रस्थापित गावाचे पुनरुज्जीवन करण्यापेक्षा नवे गाव वसविणे हा विचार मराठी कादंबरीने मात्र जवळजवळ हाती घेतलाच नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे १९८३ चे अंबाजोगाईचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर होते आणि १९८४ चे जळगावचे शंकरराव खरात. एकाच दुष्काळी तालुक्यातील दोन लेखक लागोपाठच्या वर्षी एकाच व्यासपीठावर आले. समीक्षेत मात्र एक ‘ग्रामीण’ आणि दुसरा ‘दलित’ अशा दोन वेगळ्या कप्प्यांत राहिले, आणि त्यांची गावे एकमेकांशेजारी आहेत हे लक्षात घेण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. या कप्पेबंदीचे नुकसान ग्रामीण साहित्याला अधिक झाले. गावावर अन्याय करणारी शक्ती नेहमी बाहेरची असावी (शहर, सरकार, यंत्र, बाजार), असा तिच्या विचारव्यूहाचा कल बनला.

५

यंत्राचा विषय निघाला की आनंद यादवांच्या ‘गोतावळा’चा (१९७१) उल्लेख अटळ होतो. ट्रॅक्टर येतो, जनावरे विकली जातात आणि त्यांच्यात जगलेला गडी नारबा निराधार होतो. सरकारी प्रगतीच्या भाषेत जी वस्तू उद्याचे चिन्ह होती, तीच येथे एका माणसाचा उद्या काढून घेते. नारबाच्या निवेदनाची बोली इतकी समृद्ध आहे की त्याच्या व्याकरणातील एक उणीव सहसा जाणवत नाही : स्वतःविषयी भविष्यकाळात बोलण्याची त्याला जवळजवळ सोय नाही. तो मालक नाही. मळ्याचे पुढे काय व्हावे हे ठरविण्यात त्याचा वाटा नाही. त्याचा गोतावळा माणसांचा नसून जनावरांचा आहे, ही गोष्ट निसर्गप्रेमाचे उदाहरण म्हणून वाखाणली जाते. ती गावाने त्याला सामावून न घेतल्याची साक्षही आहे.

नंतरच्या दशकांत मास्तर पुन्हा परततो, पण बदललेल्या स्थितीत. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’तील (१९९१) खैरमोडे गुरुजी धरणग्रस्तांच्या लढ्याचा नैतिक आधार आहेत. ‘बनगरवाडी’च्या मास्तरापेक्षा ते अधिक गावाचे आहेत, आणि येथे बदली गुरुजींची होत नाही, गावाचीच होते. तोच शासनव्यवहार, तोच कागद. फक्त त्याच्यावर व्यक्तीऐवजी अख्ख्या वस्तीचे नाव. पुनर्वसन हा शब्द या कादंबरीत जितका पोकळ होत जातो तितका तो कोणत्याही अहवालात झालेला नसेल. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) याच सूत्राची तिसरी अवस्था येते. एकनाथ हा शेतकऱ्याचा उच्चशिक्षित मुलगा मास्तर होऊ शकला असता. परंतु मास्तराची जागा आता पैसे मोजून मिळते आणि ते पैसे नापिकीच्या शेतातून निघत नाहीत. ज्या पदावर सरकारने एकेकाळी परका तरुण पाठविला, त्या पदासाठी गावानेच घडविलेला तरुण दाराबाहेर उभा आहे. तो शेतात राहतो ते शेतावरील श्रद्धेने नव्हे. दुसरीकडे जागा नाही म्हणून. शहरातून आलेल्या त्याच्या पत्नीला हे राहणे असह्य होते.

या कादंबरीवर ‘शेतकरी आत्महत्यांच्या काळाची कादंबरी’ असे जे शिक्के बसले, त्यांनी तिचे एक वैशिष्ट्य झाकले. ‘बनगरवाडी’त माणसे गाव सोडतात तेव्हा त्यांना परतता येईल की नाही हा प्रश्न असतो. ‘बारोमास’मध्ये गाव सोडता येत नाही हाच प्रश्न आहे. गावात राहणे ही निवड न राहता उरलेली गोष्ट झाली, म्हणजे ‘गावाने केले’ हे वाक्य उच्चारणे अशक्य होते. अडकलेल्या माणसांची समष्टी बनत नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले, ग्रामसभा कायद्यात आली. औंधला जे एका राजाच्या इच्छेने झाले ते देशभर कायद्याने झाले. त्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीच्या ग्रामसभेच्या बळावर आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळविलाही. हे गाव ‘वाडी’च्या अंगाने जाणारे, जवळजवळ एकजिनसी आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. कादंबरीत मात्र ग्रामपंचायत आजही बहुधा कारस्थानाची जागा म्हणूनच येते. राजन गवसांच्या ‘तणकट’मध्ये (१९९८) गावचे राजकारण दलित वस्तीपर्यंत पोचते, तेव्हा वेशीच्या आतला आणि बाहेरचा हा जुना भेद नव्या संस्थांमधून कसा पुन्हा उगवतो, हे फार बारकाईने दिसते, तेथे लेखकाचा संशय सार्थ आहे. सर्वत्र मात्र तो सार्थ नाही. पुष्कळदा तो केवळ सवयीचा आहे. वास्तवदर्शी ठरण्यासाठी हताश असावे लागते, असा एक अलिखित दंडक ग्रामीण साहित्याच्या चळवळीनंतर रूढ झाला आणि नवशिक्या लेखकांनी तो निमूटपणे पाळला.

हा दंडक ज्यांनी मोडला नाही पण वाकविला, त्यांत कृष्णात खोत यांचे नाव घ्यावे लागेल. साहित्य अकादमीचा २०२३ चा पुरस्कार मिळालेल्या ‘रिंगाण’मध्ये विस्थापित झालेल्या गावातला माणूस मागे राहून रानटी बनलेली म्हैस आणण्यासाठी सोडलेल्या मुलखात परत जातो. ‘बनगरवाडी’च्या निवेदकाला जे नाकारले गेले होते, ओस पडलेल्या वस्तीकडे पुन्हा वळून पाहणे, ते येथे कादंबरीचा विषय झाले आहे; आणि वळून पाहणारा कोणी नेमणुकीवर आलेला मास्तर नाही, त्याच गावचा माणूस आहे. स्मरणरंजनाची पुरेपूर संधी असताना खोत ती घेत नाहीत. परतणारा माणूस गाव पुन्हा वसवायला निघालेला नाही. त्याला एक जनावर हवे आहे. आणि ते जनावर आता त्याला ओळखत नाही, माणसाच्या हाताची सवय विसरून आपल्या मुलखात आपले जगते आहे. जुन्या गावाशी नव्याने नाते जोडायचे तर ते हक्काने जोडता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून मिळवावे लागते, इतके या झटापटीतून वाचकाच्या हाती येते. तालमीच्या भिंती उभारणाऱ्या धनगरांना हे निराळ्या शब्दांत सांगावे लागले नसते.